सभापतींची नजर

आखातातल्या या बेटावर, झिंजच्या दवाखान्यात तो म्हातारा इंग्रज माझ्या शेजारी बसला होता. मी हिद्दच्या सिमेंट कारखान्यातला फिटर, न हटणारा खोकला घेऊन आलेलो. आसपास कुणाचं बोलणं संपलं, की तो काठीवर भार देऊन अर्धा उठायचा, वाट बघायचा आणि परत बसायचा.

"बाबा तिकडे खासदार होते, मागच्या बाकावरचे," इथल्या शाळेत शिकवणारी त्याची मुलगी ओशाळून म्हणाली. "एकाचं भाषण संपलं की ज्याला बोलायचंय त्याने उभं राहायचं. सभापतींची नजर गेली तर पाळी, नाहीतर खाली बसायचं. बाकी सगळं विसरले, हे तेवढं राहिलं."

"काय बोलायचे?"

उत्तर त्यानेच दिलं. "खाणीतली धूळ. कामगारांच्या छातीत बसलेली." मग थांबून म्हणाला, "माझी पाळी यायची तेव्हा सभागृह जेवायला गेलेलं असायचं."

मला उबळ आली. माझं खोकून संपलं, तसा तो उठला. या वेळी पुरता उभा राहिला. मुलगी हात ओढत होती, तरी बसेना.

त्याच्याकडे बघणारा तिथे मी एकटाच होतो, आणि पाळी देणं माझ्या हातात नव्हतं.