बर्फ चालतो, पाणी चालत नाही

केतकी फोनवर माझ्याशी मराठीत बोलली, तेव्हाच मला कळलं. एरवी ही इथं अमेरिकेत जन्मलेली पोरगी, मी मराठीत विचारणार आणि ती इंग्रजीत उत्तर देणार, असं आमचं वर्षानुवर्षं छान चाललेलं. त्या सकाळी म्हणाली, "काकू, बाबा गेले. तुम्ही या ना." मी कॅरीला मुलाकडे राहते, सुधाकर भाऊजींचं घर जवळच, मॉरिसव्हिलला. मुलानं गाडी काढली नि मी आपली खिडकीबाहेर बघत बसले... महिना उलटून गेला आता. रडून झालं. पण एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही, तीच सांगते.

सुधाकर भाऊजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन मेहकरला आले तेव्हा हे शाळेत होते, गुडघे कायम फुटलेले, सुट्टी मिळाली की सायकल काढून लोणारच्या तळ्यावर. पुढे इंजिनिअर होऊन अमेरिकेला निघाले तर सासूबाईंनी गंगाजलाचा गडू दिला आणि यांनी त्याच्या शेजारी लोणारच्या पाण्याची बाटली ठेवली. तिथून जी खोड लागली ती लागलीच. जिथं तळं दिसेल तिथलं पाणी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत भरायचं, पट्टी चिकटवून नाव लिहायचं आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायचं. माझी जाऊ रोहिणी होती तेव्हा म्हणायची, "ताई, लोकांच्या घरी लोणची मुरतात, आमच्याकडे तळी मुरतात!" भाऊजींना त्याचं काही नाही. पण लोणारला कुणी ज्वालामुखीचं तळं म्हटलं की मात्र भडकायचे. "उल्का पडली तिथं, वहिनी, उल्का! ज्वालामुखीचं तळं मला अजून बघायचंय."

मग ते अन्ननलिकेचं दुखणं निघालं. इथले डॉक्टर सगळं पेशंटच्या तोंडावर सांगतात, आपल्यासारखं नातेवाइकांना बाहेर बोलावून नाही. आता औषध फक्त वेदना कमी करायला, असं त्यांनी सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "केतकी, ओरेगनचं बुकिंग कर. ज्वालामुखीच्या पोटातलं तळं राहिलंय."

"बाबा, इट्स विंटर! एव्हरीथिंग इज फ्रोझन."

"मग उन्हाळ्याची वाट बघू?"

तिनं गुपचूप तिकिटं काढली आणि मलाही सोबत घेतलं, पेज करून द्यायला. तेव्हा त्यांना घन काही गिळता येत नव्हतं, गार तर मुळीच नाही. कोमट पेज, तीही चमच्यानं.

तिकडं डोंगरात एका जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट पोटात दोन तळी आहेत, शेजारी शेजारी. हिवाळ्यात गाड्यांचा रस्ता बंद, पुढं चालत जायचं, बुटांखाली ती रुंद जाळीची पावलं बांधून. मी साडीवर ते प्रकरण बांधलेलं बघून भाऊजी इतके हसले की ठसका लागला. त्यांना फार चालवणार नाही म्हणून केतकीनं लहान मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी आणली होती. त्यात बसून, डोक्याला माकडटोपी, गुडघ्यावर पाणी भरायला रिकामा थर्मास, "वहिनी, चला, माझी वरात निघाली!" दोरी ओढणाऱ्या पोरीकडं मला बघवेना.

एका तळ्याच्या कडेला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं बर्फ धरत नाही. तिथलं उघडं पाणी त्यांना हवं होतं. पण ते होतं पलीकडच्या अंगाला. पहिल्या तळ्याशी पोचेपर्यंतच भाऊजींचे ओठ निळे पडले. समोर नुसतं पांढरं. तळं कुठं संपतं नि डोंगर कुठं सुरू होतो तेही कळत नव्हतं. केतकी गुडघ्यावर बसली. "बाबा, वी हॅव टु टर्न बॅक. नॉट टुडे."

"मग कधी?" भाऊजी म्हणाले. रागानं नाही हो, खरंच विचारत होते.

मग त्यांनीच हातमोजा काढून तळ्यावरचा बर्फ मुठीमुठीनं थर्मासमध्ये दाबून भरला. मी म्हटलं, "अहो, तो वरून पडलेला बर्फ, तळ्याचं पाणी कुठं ते?" तर म्हणाले, "त्याच्यावर बसलाय ना? झालं तर."

दुसऱ्या दिवशी परत निघालो. केतकी म्हणत होती थर्मास मोठ्या बॅगेत टाका. भाऊजी ऐकतात होय! "बॅगा हरवतात. आणि मी नियम वाचलाय. विमानात सोबत पाणी चालत नाही, पण घट्ट गोठलेलं चालतं." इंजिनिअर माणूस, नियम बरोबरच वाचला होता. पण गाडीतला हीटर त्यांच्याच थंडीसाठी आम्ही वाटभर चालू ठेवलेला... विमानतळावर तपासणीच्या बाईनं थर्मास कानाशी हलवला. आत खळखळ झाली.

"इट वॉज आइस," भाऊजी म्हणाले.

"आय नो, सर. इट्स वॉटर नाऊ." बाई चांगली होती. म्हणाली, इथं पिऊन टाका, नाहीतर ओतावं लागेल.

भाऊजींनी झाकणात घेऊन एक घोट घेतला. तो खाली उतरलाच नाही. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, रुमाल भिजला. मागं रांग खोळंबलेली. मग त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला. "वहिनी, तुम्ही घ्या. वाया नको." मी उभ्यानं प्यायले सगळं. दातांतून कळ गेली. चव कसलीच नव्हती. भाऊजी माझ्या गळ्याकडं बघत होते, पाणी खाली उतरताना बघावं तसे. "उतरलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा केतकी देवघरापाशी उभी होती. "काकू, तोंडात पाणी घालतात ना? कुठलं घालू?" गंगाजलाचा गडू रोहिणीच्या वेळीच संपला होता. मी म्हटलं, लोणारचं घाल, त्यांचं आवडतं. स्टुलावर चढून तिनं ती बाटली काढली. पाणी कधीच उडून गेलेलं. तळाशी पांढरट खरपुडी तेवढी, नखानंसुद्धा निघेना. बाकीच्या बाटल्यांतलंही असंच आटलेलं. शेवटी नळाचं घातलं. ते ओठांवरून गालावर ओघळलं, मी पदरानं टिपलं.

घर आवरताना केतकीनं फळीवरची एक बाटली मला दिली. प्रवासाला निघण्याआधीच भाऊजींनी घासून, वाळवून, पट्टी लावून तिची जागा करून ठेवली होती. पट्टीवर त्यांच्या अक्षरात 'ओरेगन'. आता ती माझ्या ओट्यावर असते. परवा लिंबाचं लोणचं घातलं, बाटली कमी पडली. मुलगा म्हणाला, "आई, ही आहे की रिकामी."

"ती रिकामी नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. रिकामीच आहे.