देवापुढची सहावी पट्टी

नव्वदच्या सुमारास जळगावात माझं संशोधन चाललं होतं. गॅस गळू लागला की लगेच ओळखणारा, काडेपेटीहून लहान सेन्सर मी बनवत होते. संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेने पाच नमुने मागवले होते. त्यांचं रीडिंग आठवडाभर स्थिर राहिलं तर तिथली नोकरी माझी, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं. मला ती नोकरी हवीच होती.

सेन्सरसाठी चिनीमातीच्या पांढऱ्या पट्टीवर चांदीच्या लेपाने कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा छापाव्या लागत. छापायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. शेवटी मी बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्या नानांकडे गेले. जाळीतून शाई ओढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते शिंदखेड्याकडचे, मी शेजारच्याच दोंडाईच्याची, म्हणून त्यांनी स्टूल पुढे केलं. माझी आकृती उलटसुलट बघून अहिराणीत विचारलं,

"हाई कोनी पत्रिका शे, बेटी?"

ही कोणाचीच पत्रिका नाही हे मी समजावायला गेले, तर नमनालाच घडाभर तेल गेलं. दुकानातल्या बायकांनी तोवर मलाच नवरी ठरवून टाकलं. एकीने विचारलं, नवरा काय करतो? मी वैतागून सांगितलं, संरक्षण खात्यात आहे. सगळ्या खूश झाल्या.

पट्ट्या सुरेख छापल्या गेल्या. नानांनी त्या कागदात गुंडाळून दिल्या. मी त्या भट्टीत भाजल्या, तारा जोडल्या, आणि रीडिंग काही केल्या जागेवर राहीना. चार दिवस मी लेप कालवणाऱ्या स्वतःच्याच हातांना शिव्या दिल्या. रडलेही. मग भिंगातून पाहिलं, तर पाचही पट्ट्यांच्या एकाच कोपऱ्यात फिकट डाग.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच नानांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. छापलेल्या पहिल्या प्रतीला हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवायची, हा त्यांचा नेम. या तर पाचही परगावी निघालेल्या, म्हणून त्यांनी पाचांना लावलं, आणि मी ओरडेन म्हणून धोतराच्या सोग्याने पुसूनही टाकलं. आम्ही बौद्ध. आमच्या पत्रिकेवर बुद्ध असतो, हळदकुंकवाचे ठिपके नसतात. मला हे सुचणार कुठून?

"मनामुये तुनं काम बिघडनं," नाना म्हणाले आणि खाली बघत बसले.

त्यांचा चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, या वेळी सहा छापा. पहिली तुमच्या देवाची, बाकीच्या पाचांना मात्र बोट लावायचं नाही. नानांनी कुंकवाचा करंडा घरी पाठवून दिला, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि मगच जाळी उचलली.

या पाच पट्ट्यांनी आठवडाभर रीडिंग तसूभरही हलू दिलं नाही.

नोकरीचं पत्र आलं त्याच दिवशी पेढे घेऊन मी दुकानात गेले. कोनाड्यात गणपतीशेजारी देवाच्या वाट्याची ती जास्तीची सहावी पट्टी उभी होती. करंडा परत आलेला दिसत होता, कारण तिचा कोपरा लालपिवळा झाला होता. पत्रिका छापून घ्यायला आलेली एक बाई तिच्याकडे बघत होती. ही कोणाची पत्रिका, तिने विचारलं.

नानांनी जाळीवरची नजरही काढली नाही. "मनी पोरनी शे," म्हणाले.

मी नानांची पोर! मला फार आनंद झाला. आता ती बाई नवरा काय करतो विचारणार, एवढ्यात मी तिच्या हातावर पेढा ठेवला.