मशीनच्या तोंडावर

निवृत्ती मुकादमाचा आवाज धडधडत्या मळणीयंत्राच्याही वर जायचा. हिमायतनगरच्या शिवारात त्याची टोळी सोयाबीन मळून द्यायची. भांडण झालं की दोघांनाही शिव्या हासडून कामाला लावायचं, हीच त्याची रीत.

त्या दुपारी ती रीत चालली नाही. आनंदराज मशीनच्या तोंडावर उभा राहून सोयाबीन घालत होता. एकाएकी तो धावत ट्रॅक्टरवर चढला, चावी फिरवून मशीन बंद केली आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या वैजनाथची गचांडी धरली. वैजनाथनं त्याला ढेकळांत लोळवलं. बाकीच्यांनी दोघांना ओढून बाजूला केलं.

निवृत्तीनं शिवीसाठी तोंड उघडलं.

"घाला शिव्या!" आनंदराज थुंकला. "तेवढंच येतंय तुम्हाला. ऐकून कवा घेतलंय?"

त्याला तिथूनच हाकलावं, असं निवृत्तीला वाटलं. पण आनंदराजच्या मानेवर लालभडक वळ उठला होता. निवृत्ती बांधावर बसला. "बोल. मी मधी बोलणार न्हाई."

"गळ्याला बांधलेली दस्ती मशीननं ओढली. गाठ सुटली म्हणून वाचलो. दोनदा वरडलो थांबव म्हणून. अन् रोज मीच का तोंडावर? धूळ मी खायची, पाण्याचा जग माझ्याकडं सगळ्यात शेवटी. का, ते तुम्हालाबी ठाऊक हाय."

निवृत्तीच्या जिभेवर आलेलं उत्तर त्यानं गिळलं. "म्हंजे तू वरडलास, अन् आवाजात याला ऐकू गेलं न्हाई. असंच ना?"

"न्हाई. यानं माझ्याकडं बघितलं. बघून तोंड फिरवलं."

निवृत्ती वैजनाथकडं वळला. "आता तू."

"बघितलं," वैजनाथ गुरगुरला. "वाटलं, याची रोजचीच कटकट. मशीन थांबली की शेतमालकाच्या शिव्या मी खातो, हा न्हाई. लई माजलाय."

आनंदराज ताडकन उठला.

"बस. तुझं ऐकलं, त्याचंबी ऐक," निवृत्ती म्हणाला. "तुला रोज तोंडावर मीच लावलं. उद्यापासून पाळीनं. पहिली पाळी वैजनाथची. तोंडावरच्यानं हात वर केला की आधी मशीन बंद, विचारायचं मागून. मालकाला मी बघतो."

"अन् पाणी?"

"जो तोंडावर, तो आधी पिणार."

वैजनाथनं माफी मागितली नाही. हंगामभर दोघं कामापुरतंच बोलले, तेही एकमेकांकडं न बघता. मशीन मात्र हात वर झाला की थांबायची, आणि कुणाला इजा झाली नाही.

शेवटचं शेत आटोपल्यावर निवृत्तीनं आनंदराजला विचारलं, "पुढल्या साली येशील ना?"

"वैजनाथ असंल तर न्हाई."

"ऐकलं मी," निवृत्ती म्हणाला. त्याची समजूत घालत बसला नाही.