सेटल मुलगा

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरात कुठलाही इंग्रजी शब्द अडला की तो माझ्याकडे येतो. 'सेटल' हा शब्द मात्र कोणी विचारायला आलं नाही. तो थेट माझ्या धाकट्या भावाच्या मानगुटीवर बसला.

भाऊ भिवापूरला मिरची पिकवायचा. घरचं वावर, घरची विहीर, कोणापुढे हात पसरायची वेळ नाही. तरी नागपुरातल्या प्रत्येक मुलीचा बाप चहाचा कप उचलता उचलता विचारायचा, "मुलगा सेटल आहे का?" आणि उत्तर ऐकून पोहे अर्धे टाकून उठायचा.

मी चिडून शब्दकोश उघडला. जुन्या इंग्रजीत मूळ अर्थ निघाला आसन, बसायची जागा. त्यावरून पुढे एका जागी वस्ती करणं, स्थिरावणं. या हिशेबाने पणजोबांपासून एकाच गावात ठाण मांडलेल्या आमच्याइतकं सेटल कोणी नसावं. पण लग्नाच्या बाजारात कोश कोण उघडतो? तिथे सेटल म्हणजे पगार, नागपूरच्या मनीषनगरात फ्लॅट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मग तो फ्लॅट भाड्याचा असो आणि अकरा महिन्यांचा करार संपला की सामान टेम्पोत घालून हिंडायची वेळ येवो, माणूस सेटलच.

शेवटी घरच्यांनी भावाला सेटल केलं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात कंत्राटी नोकरी लावली, मनीषनगरात फ्लॅट घेतला भाड्याने, वावर दुसऱ्याला ठेक्याने दिलं. बायोडेटातून मिरची गेली, 'गावी घरची शेती' एवढी ओळ राहिली. लगेच लग्न जमलं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत होणारे सासरे भावाशेजारी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू, वावर सोडून नका देऊ हो. कंपनीचा काय भरोसा? शेती आहे म्हणूनच तर आम्ही हो म्हटलं."

समोरची मठ्ठ्याची वाटी त्यांच्या डोक्यावर ओतावी असं मला मनापासून वाटलं.

"ठेक्यानं देऊन टाकलं, मामाजी," भाऊ शांतपणे म्हणाला. "मिरचीचा तोडा सुरू हाये आता. दुसऱ्याचे माणसं तोडून राहिले."

सासऱ्यांना जिलेबी वाढली जात होती.

"मंग सुट्टीच्या दिवशी जात जा न पाहाले," ते म्हणाले.

"गेलतो मागच्या रविवारी. ठेकेवाल्यानं मले आपल्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसवून चहा पाजला. म्हणे, येत जा कधी कधी."