न केलेल्या तीस बायोप्सी

“ग्लोव्हज काढ. तुझं काम पेशंटशी बोलायचं.”

सगळ्यांसमोर म्हणाले सर. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलची सीटी रूम. टेबलावर डिंभे धरणाच्या वरल्या अंगाची, माझ्याच भागातली एक मावशी, फुफ्फुसात गाठ. सुई घालून तुकडा काढायचा होता, बायोप्सी. मी हात धुऊन, ग्लोव्हज चढवून तयार. सहा महिन्यांत पहिल्यांदा नंबर माझा होता. सरांनी माझ्याबरोबरच्या फेलोला पुढं बोलावलं, “ये बेटा.” बेटाच्या वडिलांची स्वतःची स्कॅन सेंटरं आहेत.

मी ग्लोव्हज काढले. आजही आठवलं की अंगाची आग होते.

मावशी थरथरत होती. श्वास कधी रोखायचा, ते तिला सरांच्या बोलण्यातून कळेना. मी तिच्या कानाशी वाकले. “मावशे, दम धर. आजाबात हालू नगं.” तिनं धरला. सुई बरोबर गेली. शाबासकी बेटाला. मावशी माझ्याकडं बघत म्हणाली, “पोरी, तू डाक्टर न्हाईस व्हय?”

आहे, म्हणाले.

फेलोशिप म्हणजे रेडिओलॉजीत एमडी झाल्यावरचं आणखी एक वर्ष. कागदावर शिक्षण. खरं तर पुढं कोण कुठल्या खुर्चीत बसणार, ते तिथंच ठरतं. लॉगबुकात दोन रकाने असतात, ‘पाहिलं’ आणि ‘केलं’. मोठी हॉस्पिटलं नोकरी देताना दुसराच बघतात. बेटाचा दुसरा भरत गेला, माझा पहिला. एकदा धीर करून विचारलं. सर हसले. “सीट तुला सरकारनं कोट्यातून दिली. आता हात आम्ही द्यायचा का?”

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला सरांपेक्षा जास्त चीड येते. भातखाचरं कसणाऱ्या आमच्या सबंध भावकीत डॉक्टर झालेली मी पहिली. बाप एसटीत शेजारच्याला सांगायचा, “आमची पोर मशिनीत मानसाच्या आतलं बघती, राव.” बघतच होते. नुसती बघत होते.

शेवटच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर माझं लॉगबुक.

“रकाना रिकामा बरा दिसत नाही. तीस बायोप्सी लिहितो. खूष?”

“मी एकही केली नाही, सर.”

“मग? तू परत तुझ्याच भागात जाणार ना? तिथं कोण विचारतंय? चार-दोन चुकतील, मग बसेल हात.”

चार-दोन. फुफ्फुसात सुई चुकली तर माणूस धाप लागून मरू शकतो. ती चार-दोन माणसं कोण, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडची, आहुप्याची, डिंभ्याची. माझी चुलती, माझा मामा. इतके दिवस वाटायचं, अपमान माझा एकटीचा होतोय. त्या दिवशी डोळे उघडले. शिकायचं बड्यांच्या पोरांनी, आणि चुका करायच्या त्या आमच्या अंगावर.

मी लॉगबुक ओढलं. ‘केलं’च्या खाली लिहिलं: एकही करू दिली नाही. सही केली, तारीख घातली, पुढं सरकवलं. “आता तुम्ही सही करा.”

“करिअर संपेल तुझं.”

“सही करा, सर.”

त्यांनी केली नाही. सर्टिफिकेटही दिलं नाही. बेटा आज एका मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट आहे. मी आमच्या तालुक्यातल्या मंचरला सोनोग्राफी करते. त्या पानाची प्रत जोडून विद्यापीठाकडं लेखी तक्रार दिलीय, अजून उत्तर नाही. दुसऱ्या फेलोशिपांना अर्ज करतेय. मुलाखतीत विचारतात, बायोप्सी किती केल्या? सांगते, एकही नाही, आणि का नाही तेही सांगते. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसरीकडं जाईन, चौथीकडं जाईन. हे काम मी शिकणार आहे. कुणी मेहेरबानीनं लिहिलेल्या खोट्या आकड्यावर नाही, आणि माझ्या माणसांच्या जिवावर तर मुळीच नाही.