निंबावरची गुळवेल

काउंटरवर बरणी ठेवायची, चिमूटभर पांढरं चूर्ण समोरच्याच्या तळहातावर सोडायचं आणि म्हणायचं, "सायन्स हाये बाप्पा, सायन्स! पॉलिसॅकराइड!" वणीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात हा सोहळा रोज चाले. गिऱ्हाईक माझं, प्रवचन त्याचं.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. आमचा हा कॉलेजातला निवृत्त प्रयोगशाळा सहायक. प्राध्यापकांच्या संगतीत ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला होता खरा, पण याला वाणही लागला नाही आणि गुणही नाही. लागला तो एक शब्द.

गुळवेल आणायला तो स्कूटरवर झरी जामणीकडच्या रानात जाई. वेल निंबावर चढलेलीच हवी, बाभळीवरची तो हातात धरत नसे. ती ठेचून पाण्यात भिजवायची, गाळायची आणि तळाशी बसलेला साका उन्हात वाळवायचा. वैद्य पूर्वापार हेच करत आले. यानं त्याला इंग्रजी नाव दिलं आणि स्वतःकडे शोधाचा मान घेतला.

"काका, पॉलिसॅकराइड म्हंजे स्टार्चसारखंच, थे तं साबुदाण्यातबी रायते," मी एकदा म्हटलं.

"थे येगळं. याच्यानं इम्युनिटी वाढते. रिसर्च झाला हाये."

"कोठी झाला?"

"झाला हाये!"

इथवर हसून सोडता आलं असतं. पण या माणसाच्या पोटात बायकोचं मूत्रपिंड होतं. याची दोन्ही निकामी झाली तेव्हा तिनं आपलं एक काढून दिलं. परक्या अवयवावर शरीर चाल करून जातं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या त्याला जन्मभर घ्यायच्या होत्या. तो त्या माझ्याकडूनच नेई. आणि हाच गृहस्थ लोकांना छाती काढून सांगे, "मी वाचलो थे गुळवेलीनं." बायकोचा उल्लेखही नाही. कृतघ्नपणालाही काही हद्द असते!

एकदा गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचून तणतणत आला. "यात लिवलं हाये, इम्युनिटी कमी होते! मंग मी कायले खाऊ? मी वाढवून राह्यलो, अन् तुमी मारून राह्यले!"

मी समजावलं. डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यानं मान डोलावली आणि पुढं माझ्याकडून गोळ्या घेणं थांबवलं. विचारलं तर म्हणे, "नागपूरवरून आणतो आता."

कुठलं नागपूर! गोळ्या बंद आणि चूर्ण दुप्पट. इतकी वर्षं मुकाट राबणारं ते मूत्रपिंड त्याच्याच शरीरानं नासवलं. सुजलेल्या तोंडानं तो डायलिसिसला जाऊ लागला, तरी पिशवीत बरणी होतीच. "डोस कमी पडला," म्हणाला. मला दयेच्या आधी संताप आला.

एका दुपारी मात्र स्टुलावर बसून राहिला, बरणी काढली नाही. म्हणाला, "भाऊ, थे तिचं होतं ना. वाया घालवलं म्या." मी चहा मागवला. त्याला पाणीही मोजूनच प्यायचं होतं, म्हणून त्यानं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला.

पावसाळा संपता संपता तो गेला. नंतर कधीतरी त्याची बायको रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आली. एका मूत्रपिंडावर राहिलेली बाई, मला काळजी वाटली.

"काकू, तुमी बी घेत होत्या का थे चूर्ण?"

"नाही जी," ती म्हणाली. "एक डाव मांगतलं होतं म्या. तं म्हणे, तुले कायले पाह्यजे? तुले काय झालं?"