साहेबांनी पाहिलेला रस्ता
तीन वर्षांपूर्वी, भातलावणीच्या तोंडावर, मुळशीत माझ्या चुलत्यांच्या जीपच्या सस्पेन्शनचे नवे जॉइंट चार महिन्यांत झिजले. डोंगरातल्या वाडीवरून लावणीला बायका आणायला तेवढीच गाडी होती. पाहणीला आलेले कंपनीचे साहेब म्हणाले, “काका, गाडी रस्ता सोडून चालवलीय. वॉरंटी मिळणार नाही.” चुलते म्हणाले, “बसा सायेब, रस्ता दावतो.” बाजार करून परतणाऱ्या वाडीच्या बायका मागे बसल्या. दगडगोट्यांतून वर जाईपर्यंत साहेब दांडा धरून, डोळे मिटून होते. मागून एक बाई ओरडली, “सायेब, डोळं उघडा, वाडी आली!” सगळ्या हसल्या, मग साहेबही हसले. बॉनेटवर फॉर्म ठेवून त्यांनी लिहिले, ‘गाडी रस्त्यावरच चालते. रस्ता असाच आहे.’ पाचव्या दिवशी नवे जॉइंट बसले. सहाव्या दिवशी त्याच बायका जीपमधून लावणीला आल्या.